नराच्या ओळी

आमच्या घरात रक्त काढायचं ते फक्त वहिनीचं. परतूरच्या डॉक्टरनं काढलं, जालन्यातल्या दोघांनी काढलं, औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात तर सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा काढलं. कोपराच्या खळग्यात शीर सापडेनाशी झाली तेव्हा नर्सनं हाताच्या पाठीवर सुई घातली. या सगळ्या वर्षांत माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, बोटाला टाचणीसुद्धा लागली नाही. वहिनीची कीव यावी म्हणून मी हे लिहीत नाही. कीव तिला बिलकुल चालत नाही. सगळं घर एका धडधडीत चुकीवर उभं होतं आणि ती चूक आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं, म्हणून लिहिते.

वहिनीला दिवस राहायचे. त्याची कधीच अडचण नव्हती. महिना-दोन महिने जायचे, तिला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, आमची माय पदराआड हसायची, आणि मग एके दिवशी पोटात कळ येऊन सगळं संपायचं. एकदा चौथा महिना लागला होता. त्या वेळी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तिला उताणी निजवली. पाय वर, डोकं खाली. गावातल्या झाडून सगळ्या बाया येऊन तो पलंग बघून गेल्या. पिशवीच्या तोंडाला टाका घातला, कमरेत इंजेक्शनं टोचली, दंडाला काळा दोरा बांधला, कुणी सांगितलं म्हणून न्हाणीचं दार फिरवून घेतलं. तरी पडलं ते पडलंच.

यातून घरानं काढलेला निष्कर्ष असा: दिवस राहतात म्हणजे दादाचं बराबर आहे, टिकत नाहीत म्हणजे वहिनीचं खराब आहे. पेरणारा पेरतो, जमीन धरत नाही. अडाणी माणसं असं म्हणतात म्हणावं तर डॉक्टरही तेच धरून चालले होते. त्यातल्या एकानं बाहेर बाकावर बसलेल्या दादाला सांगितलं, "तुमचं काय तपासायचं? तुम्ही तर पास आहात." दादानं हे वाक्य गावात आणलं आणि पारावर चार वेळा ऐकवलं.

आमचं गाव आष्टी. वडील मी शाळेत असतानाच वारले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्यामुळं शेती त्याच्याकडं आली आणि शिक्षण माझ्याकडं. मी जालन्याला कॉलेजात होते, मस्तगडात मावशीकडं राहत होते आणि अभ्यासापेक्षा जास्त वेळ आमच्या संघटनेची पत्रकं लिहिण्यात घालवत होते. हुंडा, अंगात येणं, गर्भजल परीक्षा करून मुली पाडणं, रेशनचं गायब होणारं रॉकेल. ज्याचा राग येईल त्याच्यावर पत्रक. मावशीच्या गल्लीतच एक जुना छापखाना होता. त्याचे मालक खिळे जुळवता जुळवता ओरडायचे, "बाई, उद्गारचिन्हं संपली! तुमच्या एका पत्रकात माझा सगळा खण खाली होऊन राह्यलाय. आता जरा साध्या टिंबानं निषेध करा." मी करत नसे.

दादा विहिरीखालच्या रानात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचा. जालन्याच्या माणसाला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. बियाण्याची कंपनी दोन जातींचं बी देते, एक मादी आणि एक नर. दोघांच्या ओळी वेगळ्या लावायच्या. दिवस कलला की बाया मादीच्या ओळींत शिरतात, उद्या उमलणारी फुलं हातानं सोलतात, त्यातले परागाचे दाणे नखानं खुडतात आणि वर लाल कागदाची टोपी घालतात. सकाळी नराच्या ओळींतली ताजी फुलं तोडून आणायची, टोपी काढायची आणि नराचं फूल मादीच्या फुलावर अलगद फिरवायचं. त्यातून जे बोंड धरेल त्यातलं बी म्हणजे संकरित बी. एकेक फूल असं हातानं लग्न लावल्यासारखं करायचं असतं. सातबाऱ्यावर दादा होता, पण प्लॉट चालवायची वहिनी. कोणत्या बाईची नखं वाढलीत, कोण बोलता बोलता फूल चेंगरते, कोणाची टोपी वाऱ्यानं उडते, सगळं तिला ठाऊक. कंपनीचा माणूस फेरीला आला की दादाला रामराम करायचा आणि प्रश्न तिला विचारायचा.

आणि तरी टोबणीच्या, म्हणजे बी लावायच्या, दिवशी तिला बांधावर उभं राहावं लागायचं.

आमच्या घरात कपाशी टोबताना पहिले दाणे लेकुरवाळीनं टाकायचे असा रिवाज. म्हणजे जिच्या कडेवर लेकरू आहे ती. मायचे दिवस उलटून गेलेले आणि ती विधवा. तिनं टाकून चालत नाही. मग माय शेजारच्या घरातल्या सुनेला बोलवायची. तिनं जन्मात प्लॉटमध्ये पाऊल टाकलेलं नसायचं. ती नव्या बांगड्या वाजवत यायची, माय तिची ओटी भरायची, ती चार दाणे टाकून लेकराचं नाक पुसत निघून जायची. मग वहिनी बांधावरून उतरायची आणि उरलेला सगळा प्लॉट टोबायची.

मी एका वर्षी तिथंच मायवर तुटून पडले. माणसाला अपमान करायला देवाची परवानगी लागत नाही, रिवाजाची लागते, वगैरे बरंच बोलले. पत्रकात शोभलं असतं. माय म्हणाली, "झालं का तुजं? मंग ती पाण्याची कळशी उचल." तिथंच, दुपारच्या भाकरीला बसल्यावर वहिनी मला म्हणाली, "वन्स, तुमचं भाषण जालन्यालाच ठेवून येत जा. तुम्ही बोलून एसटीत बसता. मला इथं दिवस काढायचे हायेत."

ज्या वर्षाचं मला सांगायचंय त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिचं चौथं पडलं. आठवडाभरानं ती डॉक्टरच्या नावाखाली जालन्याला आली आणि मावशीच्या जिन्यात बसूनच सांगायला लागली. वरही आली नाही.

"दिवाळी झाली की बैठक हाये. तुमच्या दादाला दुसरी करून राह्यले."

"कोण पोरगी?"

"माझी धाकटी."

तिचे वडील अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला होते, तिथंच वसाहतीत राहत होते. धाकटी बहीण बारावीला. आमच्या थोरल्या काकांनी युक्ती काढली होती की दुसरी आणायचीच तर घरातलीच आणावी, म्हणजे थोरलीला सवतीचा जाच नाही. आणि वहिनीचे वडील हो म्हणून बसले होते. एक मुलगी परत येण्यापेक्षा दोघी एका घरात गेलेल्या बऱ्या, हा त्यांचा विचार.

"आप्पांनी तिला पिवळी साडी बी घेऊन ठेवली," वहिनी म्हणाली. "लहानपणी तिला मीच न्हाऊ घातलं. आता तिचं बाळंतपण बी मलाच करायला लावतील आन वर म्हणतील, बघ, आम्ही तुला घराबाहेर काढलं का?"

मी उसळलेच. "पहिली बायको असताना दुसरं लग्न गुन्हा आहे. सरळ पोलिसात जाऊ."

"कोण जाणार? मी? माझा बाप? त्यानं तर तारीख ठरवली." मग तिनं मान वर केली. "लगीन मोडायचं कसं ते मला सांगू नका, वन्स. माझी पडतात कामून, ते कोणाला कळतं का सांगा. मला बी एकदा कळू द्या. मंग करू द्या त्यांना काय करायचं ते."

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. सगळे विचारत होते, टिकवायचं कसं. पडतं का, हे तिनं विचारलं.

संघटनेतल्या ओळखीनं औरंगाबादच्या एका डॉक्टरबाईंकडं आम्ही गेलो. वयस्क, घाईच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी वहिनीची पिशवीभर कागदं एकेक करून चाळली आणि विचारलं, "आणि यांच्या मिस्टरांची कुठंत?"

"ते पास हायेत," वहिनी म्हणाली.

"कशात?"

मला हसू आलं आणि रागही आला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "एखादं गेलं तर बहुतेक वेळा गर्भातच काही दोष असतो आणि निसर्ग त्याला थांबवतो. पुढचं नीट होतं. पण पुन्हा पुन्हा जायला लागलं की दोघांच्या रक्तातली गुणसूत्रं तपासायची असतात. दोघांची. गर्भ निम्मा आईचा असतो, निम्मा बापाचा. एकटीचं तपासून मी काय सांगू? पुष्कळदा काहीच सापडत नाही, हेही आत्ताच सांगते. पण न बघताच हिला नापास करायचं हा कुठला न्याय?"

वहिनीनं लगेच बाही वर केली. ही तिची शेवटची सुई नव्हती, पण उपयोगाची पहिली होती. दादाचं रक्त मात्र आष्टीत होतं.

"मला काय झालंय?" दादा म्हणाला. "बैलासारखा राबतो. कधी डोकं दुखलं न्हाई."

माय म्हणाली, "दिवाळीच्या तोंडावर पोराचं रक्त काढून कमजोरी आणायची काय? तिला घेऊन गेलीस तेवढं बस झालं." मग माझ्याकडं बघत, "आन तू आपलं रक्त बिक्त देऊन बसू नको कुठं. उद्या पाव्हणे बघायला आले तर काय सांगू?"

मी दोन दिवस भांडले. दादा माझ्याशी भांडायचासुद्धा नाही. विडी ओढत बांधाकडं निघून जायचा. मी मनातल्या मनात पत्रक लिहीत होते आणि त्याची उद्गारचिन्हं मोजत होते.

तिसऱ्या सकाळी प्लॉटमध्ये आवाज चढलेले ऐकू आले. विहिरीच्या अंगाच्या ओळींत बोंडं गळत होती. वाटाण्याएवढी झाली की देठातून पिवळी पडून खाली. कंपनीचा माणूस मोटारसायकल बांधावर लावून बायांच्या रांगेसमोर उभा होता. "हात दाखवा. नखं दाखवा. सोलताना फूल दुखवून राह्यल्या तुम्ही. म्हणून गळतंय." बायांनी हात पुढं केले होते. वहिनीचाही हात त्यात होता.

दादा तरातरा आला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"नखं कशाला बघता, साहेब? बोंड धरलं की न्हाई? धरलं. मंग सोलण्यात खोट असती तर धरलंच नसतं. धरून गळून राह्यलंय, म्हणजे पराग कमजोर हाये. आधी नराच्या ओळी बघा! तुम्हीच दिलेलं बी हाये ते. उगीच बायांच्या हाताला दोष देऊ नका."

कंपनीचा माणूस काही तरी पुटपुटला. दादानं त्याला दंडाला धरून नराच्या ओळींत नेलं, एक फूल तोडलं, तळहातावर झटकलं. पिवळी धूळ पडायला हवी होती, पडली नाही म्हणण्याइतकीच पडली. "बघा. आता सांगा."

मी तोंड उघडलंच होतं. माझ्या आधी वहिनी बोलली. सगळ्या बायांच्या देखत, लाल टोप्यांची दुरडी कमरेवर घेऊन, अगदी साध्या आवाजात.

"अहो. मंग घरात कामून बघत न्हाई, नराच्या ओळी?"

एक बाई फसकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. मग सगळीच रांग हलली. दादाच्या हातात ते फूल तसंच होतं. त्याचे कान लाल झाले. तो कंपनीच्या माणसाकडं बघेना, वहिनीकडं बघेना. शेवटी माझ्यावर खेकसला, "तू शिकवलंस काय हे?"

"मी नाही," मी म्हणाले. "तू शिकवलंस. आत्ता."

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं तो औरंगाबादला आला. दवाखान्यात सुई टोचताना त्यानं डोळे गच्च मिटले. वहिनी शेजारी उभी राहून म्हणाली, "आता सुईच हाये ती, विहिरीत उतरायचं न्हाई." त्याच्या पाठोपाठ मी माझाही हात पुढं केला. मायचे पाव्हणे गेले उडत. माझं काय निघालं, हे त्यानंतर मला बघायला आलेल्या एकदोघांनी विचारलं. मी त्यांना आधी त्यांचं विचारते, आणि बोलणं तिथंच थांबतं.

रक्त पुण्याला गेलं. निकाल दिवाळीच्या आधी आला. वहिनीचं सगळं जिथल्या तिथं. दादाच्या दोन गुणसूत्रांनी आपसात तुकड्यांची अदलाबदल केली होती.

डॉक्टरबाईंनी ते दादाला समजावलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यात काही कमी नाही आणि काही जास्त नाही. सामान सगळं आहे, फक्त दोन डब्यांतलं इकडचं तिकडं झालंय. म्हणून तुम्ही धडधाकट आहात. पण बीजात निम्मंच सामान जातं. ती वाटणी होताना कधी एखादा तुकडा दोनदा जातो, कधी जातच नाही. असा गर्भ राहतो, थोडा वाढतो आणि थांबतो."

"धरतो आन गळतो," दादा म्हणाला.

"हो. पण प्रत्येक वेळी नाही. कधी वाटणी बराबरही होते. तसं झालं की मूल चांगलं होतं. ते नशिबावर सोडावं लागतं, माझ्याकडं त्याला गोळी नाही."

"जालन्याला पाट्या लागल्यात, टेस्ट ट्यूबच्या. तिथं गेलं तर?"

"नळी बदलेल. बीज तेच राहील ना? बाहेर देशात गर्भ तपासून मग आत ठेवायला लागलेत म्हणे. आपल्याकडं ते अजून यायचंय."

दादानं टेबलावरचं पेपरवेट उचलून परत ठेवलं. मग त्याला जे विचारायचं होतं ते विचारलं. "आन दुसरी बायको केली तर?"

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "तर तिचीही पडतील. तुम्हाला अजून एका बाईचं वाटोळं करायचं असेल तर करा."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी पाया पडत नाही, म्हणून पडले नाही.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "हे पुष्कळदा आईकडून किंवा वडलांकडून आलेलं असतं. तुमच्या आईची किती गेली?" दादानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर होतं. मधली देवानं नेली, एवढंच आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्यापुढं कधी विचारलं नव्हतं.

बैठक आष्टीच्या बाजाराच्या दिवशी भरली, म्हणजे अंकुशनगरहून येणाऱ्यांना गाडी सोयीची. ओसरीवर सतरंजी. थोरले काका लोडाला टेकून, वहिनीचे वडील अंग चोरून, मायची जागा दाराच्या चौकटीत, मी तिच्या मागं. दादा सगळ्यात शेवटी हात-पाय धुऊन आला. वहिनी आत चहा ठेवत होती. दादा काय बोलणार हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. निकालापासून तो गप्पच होता. तो गप्प राहिला असता तर बैठकीचं ठरलेलंच होतं.

काकांनी सुरुवात केली. "व्याही, आता तिथीचं बघून टाकू. पोरगी तुमची, घर आमचं, बाहेरचं कोणी न्हाई—"

"काका," दादा म्हणाला, "खोट माझ्यात हाये."

काकांना वाटलं तो वहिनीच्या भिडेखातर बोलतोय. "असू दे, असू दे. बायकोला सांभाळून घ्यायचं असतं, कोण न्हाई म्हणतं?"

"तसं न्हाई. तपासलं. तिचं बराबर निघालं, माझं खराब. नराच्या ओळीत खोट असली तर मादीची ओळ उपटून दुसरी लावून काय होतं? तिची बी बोंडं गळणार. मी दुसरी करणार न्हाई."

गावात पुरुषानं चारचौघांत असं बोलायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी दहा पत्रकं लिहून हे वाक्य माझ्या भावाच्या तोंडात घालू शकले नसते. त्याचं त्यानं आणलं, प्लॉटमधून.

काका चिडले. "ह्या पोरीनं तुला जालन्याहून येऊन भरवलं. आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं. सात पिढ्यांत कोणाचं रक्त खराब न्हाई!"

"कामून नव्हतं?"

हा आवाज मायचा होता. ती चौकटीतून उठली नाही, पण तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"हा आन ही. मधात नऊ वर्सं. त्या नऊ वर्सांत मी काय माहेरी जाऊन बसले व्हते? माझी तीन गेली, भाऊजी. एक तर ह्याच ओसरीच्या मागं. तुमच्या मायनं मला सा महिने देवघरात पाय ठेवू दिला न्हाई. तुम्ही तवा घरातच व्हते. आता म्हणता, आपल्या घराण्यात नव्हतं?"

काका जरा दबले, पण माणूस सहज हरत नाही. "मंग ते तुमच्या माहेराकडून आलं म्हणायचं."

"तुमच्या भावाचं रक्त कोणी तपासलं व्हतं? ते तर गेले. आता माझंच तेवढं उरलं, म्हणून खोट बी माझीच काय?"

मी मायच्या मागं उभी होते आणि तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती. ज्या बाईनं शेजारणीला बोलवून सुनेला बांधावर ठेवलं, तीच ही. तिच्यावर मी जेवढी चिडले होते तेवढीच चिडलेली आहे, त्यात काही कमी करत नाही. पण त्या दिवशी मला कळलं की तिला तिच्या सासूनं जे शिकवलं होतं तेच ती पुढं चालवत होती. तिला दुसरं काही सांगणारा रक्ताचा कागद त्या काळी नव्हता, आणि असता तरी माझ्या बापाचा हात कुणी पुढं करायला लावला असता?

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळ्यांना कप दिले. वडलांच्या समोर आली तेव्हा ते वर बघेनात.

"आप्पा, चहा घ्या. थंडा होऊन राह्यला. धाकटीला परीक्षेला बसवा. आन ती पिवळी साडी घेतली ना तुम्ही, ती मला पाठवून द्या."

आप्पा हसले की रडले ते मला कळलं नाही. कप तोंडाला लावलेला होता. काका चहा न घेता उठले. बाजारातून त्यांना मिरच्या घ्यायच्या होत्या म्हणे.

मी जालन्याला परतले आणि त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं: रक्त दोघांचं तपासा. आमच्या घरातलं कुणाचंही नाव त्यात नाही, वहिनीची तशी अट होती. दादाची अट वेगळी, की सोप्या मराठीत लिही, प्लॉटवरच्या माणसाला कळलं पाहिजे. छापखान्याच्या मालकांनी मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ह्यात एकही उद्गारचिन्ह न्हाई. तब्येत बरी हाये ना, बाई?"

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास दुरुस्त केली. गर्भजल परीक्षेविरुद्ध आमचं जे जुनं पत्रक होतं त्यात ती परीक्षा म्हणजेच पाप असा सूर होता. मुली पाडण्यासाठी ती वापरणाऱ्यांवर माझा राग आजही तेवढाच आहे. पण डॉक्टरबाईंनी सांगितलं की वहिनीचे दिवस पुढं सरकले तर गर्भाची वाटणी बराबर झाली का, हे त्याच परीक्षेतून कळेल, आणि कायद्यानंही नेमकी असल्या कारणासाठीच परवानगी ठेवलेली आहे. मुलगा की मुलगी विचारायचं नाही, सांगायचं नाही. मग नव्या पत्रकात दोन्ही गोष्टी छापल्या. संघटनेतल्या काहींना ते पटलं नाही. त्यांना मी वहिनीकडं पाठवायची तयारी दाखवली.

मूल झालं का, हे लोक मला हमखास विचारतात. हा प्रश्न ऐकला की मला पुन्हा राग येतो, कारण विचारणाऱ्याला मूल झालं तरच गोष्ट नीट संपल्यासारखी वाटते. नसतं झालं तर काय धाकटीला आणायचं होतं का? तर ऐका. त्यानंतरही एक पडलं. त्या वेळी कुणी पलंगाखाली विटा लावल्या नाहीत. दादानं दोन दिवस प्लॉट बायांवर सोडला आणि घरी बसून राहिला, तिच्याजवळ. त्याच्या पुढच्या वेळी वाटणी बराबर झाली. मुलगी आहे. बापासारखी हट्टी आहे.

पण मला सांगायची आहे ती टोबणी मुलीच्या कितीतरी आधीची. बैठकीनंतरच्याच उन्हाळ्याची. वहिनीच्या कडेवर कुणी नव्हतं, पोटातही नव्हतं. मी मुद्दाम गावी गेले होते, भांडायच्या तयारीनं. सऱ्या ओलवून ठेवल्या होत्या, बाया बांधाला बसल्या होत्या, शेजारची सून नेहमीप्रमाणं नव्या बांगड्या घालून बांधाच्या टोकाला तयार उभी होती. मायनं तिच्याकडं बघितलंच नाही. तिनं परडीतला खण-नारळ उचलला आणि हाक मारली, "ये गं."

वहिनी प्लॉटच्या टोकाला दोरी ओढत होती. तिला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावलं. अंगावर तीच पिवळी साडी होती, पदर कमरेला खोचलेला, काठाला चिखल. माय पुन्हा म्हणाली, "तुलाच म्हणते. जल्दी ये, ऊन चढून राह्यलं."

मी म्हणाले, "माय, मग ही लेकुरवाळीची अट आता कायमची काढूनच टाक. तोंडानं म्हण एकदा."

"तू गप," माय म्हणाली. "काढलीच की."

तिनं वहिनीची ओटी भरली आणि बियाची दोन्ही पुडकी तिच्या हातात दिली. पलीकडं दादा वाकून सरी नीट करत होता. तो सरळ झाला. वहिनीनं पुडकी उलटीपालटी करून बघितली, मादीचं मायच्या हातात परत ठेवलं आणि बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आधी नराच्या ओळी टोबते. तिकडंच ध्यान द्यावं लागतं."

बांधावर जे हसू फुटलं ते विहिरीपर्यंत गेलं. दादानं टोपी काढून घाम पुसला. "टोब, बाई, टोब," तो म्हणाला आणि तिच्यासाठी सरीतून बाजूला झाला.